परतीचा रकाना

लेखापरीक्षणवाले दोघं आलेत, पुण्याहून.
पंख्याखाली बसवलंय त्यांना.
जिमखान्याच्या या खोलीत पंखा एकच,
तोही ज्वारीच्या प्लॉटांकडून वारं सुटलं
तरच जोर धरतो.

साठा नोंदवही, भाग तीन, पान एकशे बारा.
नी-कॅप, जोड एक.
दिले: टेकाळे वैजनाथ बळीराम, बी.एस्सी. कृषी, दुसरं वर्ष.
परत:
तांबडी पेन्सिल तिथंच थांबली.
"बारा वर्षं येणं बाकी? कामून?"
नाही, ते 'का' म्हणाले. कामून आमचं.

कसं सांगावं, साहेब.
काल रात्री टीव्ही लावला असेल तुम्ही,
तर निळ्या मॅटवर उजव्या कोपऱ्यातून जो आत घुसला,
लिलावात ज्याचा आकडा तिसऱ्यांदा वर गेला,
तोच हा.
आमच्याकडं तांबड्या मातीत खेळायचा.
तीही दोन ट्रॉल्या बाहेरून आणलेली;
परभणीची काळी उन्हाळ्यात अशी भेगाळते
की चढाईला गेलेला पाय
जमिनीकडून परत मागून घ्यावा लागतो.

गाव सोनपेठ. दम असा,
की पंच वाकून ओठ बघायचे याचे.
पहाटे पाचला मैदान, दहाला बोंडअळीचं प्रात्यक्षिक,
तिथं उभ्या उभ्या झोपायचा.
कीटकशास्त्रात दोनदा राहिला.
सर म्हणायचे, टेकाळे,
अळीला तुझं नाव पाठ झालं, तू तिचं कधी करणार?

चांगला होता का? होता.
पण त्याला एकट्यानं धरणारा एक होता,
इलियास, वसमतचा, डावा कोपरा.
घोटा धरला की सुटायला जेवणाची सुट्टी लागायची.
निवडचाचणीच्या दिवशी
त्याच्या बहिणीचं लग्न होतं.
एवढंच. दुसरं काही झालं नाही.
आता मोंढ्यात हळदीच्या काट्यावर असतो,
पोतं उचलताना पकड तीच.
त्याच्या नावावर माझ्याकडं काही बाकी नाही.
सगळं धुऊन, घडी घालून परत केलं त्यानं.

वैजनाथ मागल्या उन्हाळ्यात आला होता.
गाडी गेटाशी सोडून, चालत.
बगलेत खोकं. बारा जोड, परदेशी,
हातात घेतले तर मांजराच्या पिलागत मऊ.
म्हटलं, वैजू, देणगीचा रकाना माझ्या वहीत नाही.
नेलेलं तेच दे.
हसला. "मामा, ते कवाच फाटलं.
त्याच्या आतलं बी फाटलं."
पँट वर केली.
गुडघ्यावर लांब व्रण,
अर्धा पुसलेला चुना असावा तसा.
"मॅटवर घसरलं की कातडं जळतंय.
माती निदान अंगाला लागून घरी तरी यायची."

लोक त्याला विचारतात, किती मिळतात.
मी विचारलं, किती वर्षं?
कप बशीत ठेवला त्यानं, आवाज न करता.
"यंदा. फार तर पुढचं."
मग मैदानाकडं बघत,
"इलियास काय म्हणतो?"

नंबर दिला. लावला का नाही, माहीत नाही.
खोकं टेबलाखाली विसरून गेला, मुद्दाम.
खो-खोच्या पोरी वापरतात.
नोंद नाही. हे तुम्ही ऐकलं नाही.

निर्लेखित करा म्हणता, एका सहीचं काम.
पंच्याऐंशी रुपये होतात, खिशातून भरतो.
रेघ तेवढी मारू नका.
जगात जर्मनी, भारतात परभणी,
म्हणणारे म्हणतात;
इथून गेलेलं कुठवर पोचलं
याचा माझ्याकडं हा एवढा कागद आहे,
आणि मार्चात मी निघालो.

चहा घ्या, साय आली त्यावर.
शिट्टी वाजली बघा.
आता पोरं येतील,
चुन्याचं पोतं मागायला.